क्लेमने पाडलेलं गाव

आमच्या हॅगशॉ गावात क्लेम ऑर्मरॉडला ज्याने कधी शिवी दिली नाही असा माणूस शोधून सापडायचा नाही. पाळकसाहेब तेवढे मनातल्या मनात देत, बाकीचे तोंडावर. कारणही तसंच होतं. गावात जे जे म्हणून बरं दिसत होतं, ते सगळं क्लेमने पाडलं होतं.

माणूस वाईट नव्हता, घराण्याचा धंदाच तो होता. आजा पाडायचा, बाप पाडायचा, मग हाही पाडायला लागला. त्यांच्या फाटकावर पाटी होती, ‘ऑर्मरॉड आणि पुत्र. इमारती पाडून मिळतील.’ जणू काही दळण दळून मिळतं तसं. मी त्यांच्या समोरच्या घरात लग्न होऊन आले तेव्हा सासूने मला पहिला सल्ला दिला तो असा: “ग्वेन, त्या क्लेमला आपल्या घराकडे फार वेळ बघू देऊ नकोस.”

क्लेमच्या आज्याला एक खूळ होतं. पाडलेल्या इमारतीचा एखादा तरी तुकडा जवळ ठेवला नाही, तर ती इमारत रोज स्वप्नात येऊन छातीवर बसते, असं तो म्हणायचा. घरामागे दगडाची जुनी खाण होती, पडीक, खाजकुयलीने भरलेली. तिथे त्याने एका गिरणीमालकाच्या बंगल्यावरचं दगडी अननस आणून ठेवलं आणि स्वतःला शांत झोप लागते का ते पाहिलं. लागली. मग काय, हात थांबेना. चर्चचे कळस गाजरं लावावीत तसे रांगेने मातीत रोवले, धुराड्यांच्या मातीच्या नळ्यांत नेचे लावले, कुठेच न जाणारा एक जिना खडकाला टेकवून ठेवला. खाणीची बाग झाली. लोक गाडी जोडून बघायला यायचे म्हणे. क्लेमच्या बापाने भर घातली. पण खरा हात मारला तो क्लेमने, कारण त्याच्या तरुणपणी, साठच्या दशकात, आमच्या नगरसेवकांना एकाएकी नवं व्हायची हौस आली.

रुंद रस्ते पाहिजेत. दुकानांचं संकुल पाहिजे. मोटारी ठेवायला मजल्यावर मजले पाहिजेत. म्हणजे जुनं सगळं गेलंच पाहिजे. नाचघर गेलं, सार्वजनिक स्नानगृह गेलं, बँक गेली, मुलांची शाळा गेली. नगरसेवक बोट दाखवत होते आणि क्लेम पाडत होता. संध्याकाळी त्याचा ट्रक घरी यायचा तेव्हा मागे काहीतरी बसलेलं असायचं: कधी नाचघराच्या छतावरची चुन्याची अप्सरा, नाक उडालेली. कधी बँकेचा सिंह. स्नानगृहाच्या दारांवरचे दोन दगड त्याने मोठ्या विचाराने बसवले. ‘स्त्रिया’ असं कोरलेला ऱ्हुबार्बच्या भाजीच्या वाफ्यावर आणि ‘पुरुष’ शेणखताच्या ढिगावर. बँकेचे दोन संगमरवरी खांब परसातल्या संडासाला लावले. गावात कोणाच्याही घरी असा संडास नव्हता. मी शेजारधर्म म्हणून एकदाच वापरला आणि कर्ज मागायला आल्यासारखं वाटून तशीच परत आले.

आणि मग आलं ते टेकडीवरचं चॅपल.

गावच्या वडीलधाऱ्यांनी ते स्वतःच विकून टाकलं होतं. कोणाची हरकत नव्हती. फक्त थेल्मा बर्टविसलची होती. थेल्मा कापडाच्या दुकानात पायमोजे विकायची आणि रविवारी चॅपलात मुलांना गाणं शिकवायची. तिशी उलटलेली, आवाज असा की मागच्या बाकावर पेंगणारा माणूस पुढच्या बाकावर जाऊन बसावा. पाडायच्या दिवशी सकाळी ती थर्मास, लोकर आणि विणायच्या सुया घेऊन पुलपिटात चढली, म्हणजे पाळक ज्यात उभं राहून प्रवचन देतो त्या उंच लाकडी पिंजऱ्यात, आणि त्याचं छोटं दार आतून लावून घेतलं.

क्लेम आपली टोळी घेऊन आला. वर पाहिलं. टोपी काढली.

“बाई, खाली उतरा.”

“नाही उतरणार.”

“आम्हाला छप्पर काढायचंय.”

“काढा की. उजेड तरी येईल, टाके दिसत नाहीत मला.”

त्यांनी खरंच छप्पर काढलं. ती विणत बसली. हवालदाराला बोलावलं तर तो तिच्याच गायनवर्गातून गेलेला. तिने वरूनच त्याला विचारलं, “आत येताना बूट पुसलेस का रे?” तो पुसायला म्हणून बाहेर गेला तो परत आलाच नाही. भिंती उतरायला लागल्या. पाऊस आला तेव्हा क्लेमने स्वतः शिडी लावून वर ताडपत्री बांधून दिली. भूक लागली असेल म्हणून आईने केलेला मटण-बटाट्याचा हॉटपॉट झाकून आणून दिला. तिने तो खाल्ला आणि मीठ कमी आहे असं सांगितलं. रात्री काय झालं ते दोघांनीही पुढे कधी सांगितलं नाही. गावाने आपापल्या कल्पनेप्रमाणे ती जागा भरून काढली.

शेवटी अशी वेळ आली की चॅपल उरलंच नाही. उघड्या माळावर एक पुलपिट आणि त्यात थेल्मा. टोळी खाली बसून सिगारेटी ओढत होती. क्लेम बराच वेळ डोकं खाजवत उभा राहिला, मग म्हणाला, “बाई, तुम्हाला उतरायचंच नाही ना?”

“किती वेळा सांगू?”

“मग नका उतरू. कठडा घट्ट धरा.”

त्याने पुलपिटाला दोर बांधले, बुडाखालचे खिळे उपटले आणि क्रेनवाल्याला खूण केली. भर बाजाराच्या दिवशी थेल्मा बर्टविसल हॅगशॉच्या डोक्यावरून झुलत गेली. खाटीक सुऱ्यासकट बाहेर आला, मागोमाग त्याची गिऱ्हाइकं. मी स्वतः पाहिलंय. ती वरून ओरडत होती, “क्लेमंट ऑर्मरॉड, तू नरकात जाशील!” आणि हा खालून हात हलवत होता, “जाईन हो, पण आधी तुम्हाला डावीकडे वळवू द्या!”

पुलपिट ट्रकवर उतरलं. थेल्मा त्यातच उभी. गावातून मिरवणूक निघावी तशी ती खाणीपर्यंत आली, दोन्ही बाजूंच्या लोकांकडे रागाने बघत. खाणीच्या तळाशी, बीचच्या झाडाखाली त्याने पुलपिट ठेवलं. तेव्हा कुठे तिने ते छोटं दार उघडलं, खाली उतरली आणि बाग पाहिली. पहिल्यांदाच. कळस, अप्सरा, सिंह, एक दगडी संत, नाचघराचा जिना, तिच्या भावाच्या शाळेची कमान. क्लेमला वाटलं, आता रडणार.

“तो संत उलटा बसवलाय तुम्ही,” ती म्हणाली. “आशीर्वाद भिंतीला देतोय.”

“मग तुम्हीच सांगा, कसा बसवू?”

ती सांगायला लागली. वसंत ऋतू गेला, उन्हाळा गेला, तिचं सांगणं काही संपेना. शेवटी त्यांनी लग्न केलं. चॅपल तर उरलं नव्हतं, म्हणून नोंदणी कचेरीत. ती कचेरीही पुढच्याच महिन्यात क्लेम पाडणार होता, त्यामुळे कारकुनाने त्याच्याकडे बघत बघतच सह्या घेतल्या.

संसार आम्हाला समोरून ऐकू यायचा. थेल्मा म्हणायची, “या गावाची वाट लावणाऱ्याशी मी लग्न केलं, कारण कोणीतरी लक्ष ठेवायला हवं होतं.” क्लेम म्हणायचा, “मी तिला उचलून आणली, आता परत न्यायला क्रेनवाला तयार नाही.” मूल झालं नाही. त्याबद्दल ती एकदाच माझ्याशी बोलली, वाटाणे सोलताना, आणि वाटाणे संपले तसं बोलणंही संपवलं. बागेत मात्र दोघं दिवसभर. ती दाखवणार, तो उचलणार.

लोक पुन्हा बाग बघायला यायला लागले ते मिसेस पिकपपासून. आज्याच्या वेळची ये-जा कधीच बंद पडली होती. एका रविवारी ही बाई सरळ फाटक ढकलून आत आली आणि कोबीच्या वाफ्यात वाकलेल्या क्लेमवर तुटून पडली.

“मेल्या, माझा जिना कुठाय?”

“कुठला जिना?”

“नाचघराचा! माझ्या हॅरोल्डने त्याच्या तिसऱ्या पायरीवर मला मागणी घातली होती. आता हॅरोल्डही नाही आणि पायरीही नाही. लाज वाटते का काही?”

क्लेमने मुकाट्याने तिला जिन्यापाशी नेलं. ती तिसऱ्या पायरीवर बसली, आधी क्लेमला शिव्या दिल्या, मग हॅरोल्डला दिल्या, मग रडली आणि मग म्हणाली, “या घरात चहा मिळतो की तोही पाडलात?” थेल्माने मला हाक मारली. मी किटली घेऊन आले. त्या दिवसापासून रविवारचा चहा माझ्या गळ्यात पडला तो आजतागायत.

कारण मिसेस पिकपने गावभर सांगितलं. मग ज्याला त्याला आपला तुकडा आठवला. कोणाचा जन्म झालेल्या प्रसूतिगृहाची खिडकी, कोणाला छड्या बसलेल्या शाळेचा दरवाजा. एक म्हातारा दर रविवारी येऊन शेणखतावरच्या ‘पुरुष’कडे बघत उभा राहायचा. का, ते त्याने कधी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही.

थेल्मा सगळ्यांना फिरवायची. तिचं फिरवणं म्हणजे नवऱ्याची धिंड. “हे खांब बघा. बँकेचे. आतला पैसा दुसरीकडे गेला, खांब आमच्या संडासाला आले. पाडलं कोणी? तो बघा, कोबीत वाकलाय. क्लेम, उभा राहा, लोकांना दिसू दे!” क्लेम उभा राहायचा, टोपी उचलायचा. लोक हुर्यो करायचे. एकदा कोणीतरी त्याला माझा मनुकांचा केक फेकून मारला. त्याने तो झेलला, खाल्ला आणि विचारलं, “अजून कोणाला राग आलाय का?”

हे असं वर्षानुवर्षं चाललं होतं. टोळीतले लोक म्हातारे झाले, धंदा बंद झाला, फाटकावरची पाटी गंजली. आणि एके दिवशी सरकारच्या वारसा-जतन खात्यातून मिस्टर फेअरब्रदर आले.

वय लहान, दाढी विरळ, स्वभाव फार गोड. बाग बघून त्या मुलाचा श्वासच अडकला. प्रत्येक दगडापाशी बसायचा, हात फिरवायचा, “अप्रतिम” म्हणायचा. संडासात गेला तो इतका वेळ बाहेर येईना की थेल्माने दार वाजवून तब्येतीची चौकशी केली. तो आत खांब मोजत होता. पुन्हा पुन्हा आला, फोटो काढले, वर कुठेतरी भांडला असावा. मग एक दिवस आनंदाने लालबुंद होऊन स्वयंपाकघरात उभा राहिला.

“मिस्टर ऑर्मरॉड, अभिनंदन! तुमची बाग संरक्षित झाली.”

“म्हणजे?”

“म्हणजे आता इथली कुठलीही वस्तू परवानगीशिवाय हलवता येणार नाही. पाडता तर मुळीच येणार नाही.”

“कोणालाही?”

“कोणालाही.”

“मलासुद्धा?”

“तुम्हाला तर आधी.”

थेल्मा हसायला लागली. हसता हसता खुर्चीवर बसली, शेगडीवरचा पदार्थ जळेपर्यंत हसली. क्लेम भिंतीकडे बघत होता. “संडासाचं दार थोडं घासतंय,” तो हळूच म्हणाला. “तेवढं तासू का?”

“अर्ज करा,” मिस्टर फेअरब्रदर म्हणाले, आणि खरंच वाईट वाटल्यासारखं त्यांनी क्लेमचा हात हातात घेतला.

त्या वर्षी थेल्माचा खुबा गेला. इस्पितळातून आली ती काठीवर, आणि काठीवरून वर्षभरात आली ती बॅटरीवर चालणाऱ्या लाल स्कूटरवर. तीन चाकं, पुढे टोपली, भोंगा. ती स्कूटर मिळाल्यावर तिला वेगाची अशी चटक लागली की वरच्या बागेतल्या कोंबड्या झाडावर राहायला लागल्या. पण वरची बाग म्हणजे अर्धीच. खालच्या खाणीत, पुलपिटाकडे जायला खडकात कापलेली एकच वाट, आणि त्या वाटेवर शाळेची कमान. अरुंद. गावात म्हणायचे, एका वेळी एकच पोरगं आत यावं आणि मास्तरांना प्रत्येकाच्या डोक्यात टपली मारता यावी म्हणून ती मुद्दाम तशी बांधली होती.

“जाईल,” थेल्मा म्हणाली.

“नाही जाणार,” क्लेम म्हणाला. “आयुष्यभर दगड मोजलेत मी.”

“तू फक्त पडलेले मोजलेस.”

रविवार होता. लोक अलीकडेही होते, पलीकडेही. तिने भोंगा वाजवला आणि निघाली. पुढचं चाक गेलं, टोपली गेली, थेल्मा अर्धी गेली आणि मग जो आवाज झाला तो अजून माझ्या कानात आहे. स्कूटर कमानीत पाचरीसारखी बसली. पुढे जाईना, मागे येईना. थेल्मालाही हलता येईना, तिचे दोन्ही गुडघे दगड आणि पत्र्याच्या मधे.

सल्ल्यांना ऊत आला. मिसेस पिकप म्हणाली, लोणी लावा. मी म्हटलं, लोणी बन्सना लावायलाच पुरत नाहीये. पलीकडे अडकलेल्या लोकांना संडासाची घाई व्हायला लागली, आणि तो अलीकडे. क्लेम घरात गेला आणि परत आला तेव्हा त्याच्या हातात त्याचा मोठा घण होता. किती वर्षांनी त्याच्या हातात पाहिला मी तो. म्हाताऱ्याची पाठ सरळ झाली होती.

मिस्टर फेअरब्रदर त्या दिवशी आपल्या आईला बाग दाखवायला घेऊन आले होते. ते पांढरेफटक पडले आणि कमानीपुढे हात पसरून उभे राहिले. “मिस्टर ऑर्मरॉड, कृपा करा. कायदा आहे.”

“माझी बायको आहे ती.”

“ती दिसतेय मला. पण कमानही संरक्षित आहे हो!”

“मग बायकोला संरक्षण कोणतं खातं देतं?” क्लेम ओरडला. क्लेम ओरडलेला आम्ही कोणीच कधी ऐकला नव्हता. पिकपबाईच्या हातातली बशी पडली.

आणि कमानीतून थेल्माचा आवाज आला, तोच, मागच्या बाकावरच्यांना पुढे आणणारा. “क्लेम! दगडाला हात लावशील तर बघ. याच कमानीतून माझा भाऊ आत जायचा. तुला मोडायचंच आहे ना काही? मग हे मोड, ज्याच्यावर मी बसलेय!”

क्लेमने घण खाली ठेवला. पाना आणि स्क्रूड्रायव्हर मागवला. मग पालथा पडून तो कमानीत सरपटला आणि बायकोच्या बुडाखालची स्कूटर सुटी करायला लागला. आधी टोपली बाहेर आली, मग भोंगा, मग चाक. वय झालं होतं, पण सुटं करायची रीत तीच होती, कुठला भाग काढला की वरचं कोसळणार नाही, ते त्याला बरोबर माहीत. मधूनच आतून संवाद यायचा. “दुखतंय का?” “तुझं कोपर दुखतंय.” “तो पाय उचल.” “उचलता आला असता तर स्कूटर कशाला घेतली असती?” शेवटी थेल्मा नुसत्या बैठकीवर उरली आणि मिस्टर फेअरब्रदर व क्लेमने मिळून तिला त्या बैठकीसकट मागे ओढून काढलं. टाळ्या वाजल्या. पलीकडचे लोक संडासाकडे धावले.

स्कूटर मात्र पुन्हा कधी नीट जुळली नाही. क्लेमने जोडली तेव्हा तीन तुकडे उरले. सुटं करायला शिकलेला माणूस, जोडायची वेळ कधी आलीच नव्हती. नवी घ्यावी लागली.

पण खालची बाग थेल्माला बंद झाली ती झालीच. कमान मोडायची नाही, असं तिचंच म्हणणं. तो हिवाळा तिने खिडकीत बसून काढला. बोलायची कमी झाली. उन्हाळ्यात लोकांना फिरवायचं काम क्लेमवर आलं आणि त्याने ते असं केलं: “हे पाडलं. हेही पाडलं. हे पाडताना जिमीचा अंगठा गेला. हे पाडलं.” लोक चहाला लवकर यायला लागले. मी थेल्माला म्हटलं, “अगं, तुझ्याशिवाय त्याला कोणी शिव्यासुद्धा देत नाही.” ती हसली नाही. म्हणाली, “पुलपिटावर शेवाळ चढलं असेल गं आता.” मी म्हटलं, चढलंय. खोटं कशाला बोलू?

त्याच सुमारास गावातली मोटारी ठेवायची इमारत पाडायला काढली. तीच, मजल्यावर मजले असलेली, जी चॅपलच्या जागेवर बांधली होती. ओलसर, काळवंडलेली, जिन्यात लघवीचा वास. बांधली तेव्हा गाव रडलं होतं. आता पाडायची म्हटल्यावर पुन्हा रडायला लागलं. तरुण पोरं पाट्या घेऊन उभी राहिली. कोणाला पहिला मुका म्हणे तिसऱ्या मजल्यावर मिळाला होता. मी घरी येऊन सांगितलं तेव्हा थेल्मा कितीतरी दिवसांनी खिदळली. क्लेम मात्र चहा तसाच टाकून टोपी घालून बाहेर पडला.

पाडणारी कंपनी परगावची. तिथल्या मुकादमाला त्याने विचारलं, गाड्या वर चढायच्या त्या उताराच्या लाद्या फेकणार आहात का? मुकादम म्हणाला, आजोबा, घेऊन जा, वर चहा पाजतो. मिस्टर फेअरब्रदर आले तेव्हा क्लेम अंगणात खडूने रेषा मारत बसला होता. त्याचा बेत असा की कमानीला हात न लावता खाणीच्या दुसऱ्या अंगाने, खाजकुयलीच्या रानातून, खाली जाणारा एक नवा उतार करायचा.

मला वाटलं, आता पुन्हा अर्ज आणि नकार. मिस्टर फेअरब्रदर बराच वेळ दाढी कुरवाळत राहिले. मग म्हणाले, “या बागेचा इतिहासच असा आहे की गावात काही पडलं की इथे त्याचा तुकडा येतो. ते थांबवलं तर मी बाग जपली असं कसं होईल?” त्यांनी कागद स्वतः भरले, स्वतः भांडले आणि परवानगी आणली. पोरगं चांगलं होतं. मी त्या दिवसापासून त्याच्या चहात दूध नीट घालायला लागले.

पण थेल्माने लाद्या पाहिल्या आणि तिचं डोकं फिरलं.

“ही घाण? माझ्या बागेत? माझ्या चॅपलच्या उरावर बसली होती ती!”

“म्हणून तर,” क्लेम म्हणाला.

“म्हणून तर काय?”

“म्हणून तर तुझ्या चाकाखाली घालतोय.”

तिने काठीने एक लादी ठोकून पाहिली. क्लेमने तो उतार त्या वर्षभरात बांधला. ऐंशी कधीच ओलांडलेली. जुन्या टोळीतला एकच जण उरला होता, बिनअंगठ्याचा जिमी. तो बादलीवर बसून चुका सांगायचा. लाद्या यंत्राने उतरवल्या, पण त्या बसवल्या, उताराची चाल धरली, कडेला दगड लावले ते क्लेमने. आधी एक कोपरा खचला, तो काढून परत केला. पावसाने माती वाहून गेली, ती परत भरली. मी कधी कधी पलीकडून बघायची. पाडताना हा माणूस कधी थांबून विचार करताना दिसला नव्हता. आता एक दगड हातात धरून अर्धा अर्धा तास बसायचा.

तयार झालं ते एप्रिलमध्ये, बाग उघडायच्या आदल्या शनिवारी. कोणाला बोलावलं नव्हतं. मी चहाचे कप लावत होते म्हणून तिथे होते. थेल्मा नवी स्कूटर घेऊन उताराच्या तोंडाशी आली. काँक्रीटवर अजून पिवळ्या रंगात अर्धवट अक्षरं होती, ‘सावकाश’. तिने ती वाचली आणि सुटली. क्लेम मागून “ब्रेक! ब्रेक!” करत धावतोय म्हणजे भरभर चालतोय, आणि ही वळणावर एका चाकावर. मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा ती तळाशी, बीचच्या झाडाखाली होती, उभी, शाबूत. पुलपिटावरचं शेवाळ नखाने खरवडत होती.

क्लेम धापा टाकत पोचला. टोपी काढून घाम पुसला. पाण्याची बाटली पुढे करावी म्हणून मीही मागोमाग उतरले, तर तो तिला विचारत होता, आणि त्याचा चेहरा असा की परीक्षेचा निकाल लागायचाय.

“कसा झालाय?”

थेल्माने मान वळवून उताराकडे पाहिलं. घाई केली नाही.

“वाकडा आहे,” ती म्हणाली.

“सगळाच?”

“वर फार. शेवटी शेवटी बरा झालाय.”

क्लेम बसला. कळसांच्या रांगेतल्या एका बुटक्या कळसावर, टोपी मांडीवर ठेवून. त्याला इतकं बरं वाटलेलं मी कधी पाहिलं नव्हतं, नाचघर एका दिवसात उतरवलं होतं तेव्हाही नाही.

“जिमी म्हणत होता, वळण अजून रुंद पाहिजे होतं,” तो म्हणाला.

“जिमीला काय कळतंय? उद्या लोक येतील त्यांना सांगेन, हा एवढा एक तुकडा यानेच बांधलाय. विश्वास ठेवणार नाहीत.”

“नको सांगूस. हुर्यो करू देत.”

तिने भोंगा वाजवला, नुसता, कारण नसताना. मग मला म्हणाली, “ग्वेन, चहा इथेच आण गं. आणि याच्यासाठी केक जरा मोठा काप.”

मी वर निघाले. चढताना कळलं, वळण खरंच अरुंद होतं.